वाण नाही, पण गुण लागला

प्रगतिपुस्तकात 'वर्गशिक्षकांचा शेरा' असा एक रकाना असतो. २८ वर्षांच्या नोकरीत तो मी काही हजार वेळा भरला असेन. वर्गात साठ मुलं, निकाल दुसऱ्या दिवशी, मनगट भरून आलेलं. मग तीन-चार ठरलेली वाक्यं आलटून-पालटून पडत राहायची. 'प्रगती समाधानकारक.' 'हस्ताक्षर सुधारावे.' आणि सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेलं, 'पालकांनी घरी लक्ष द्यावे.'

हे शेवटचं वाक्य कुणाच्या वाट्याला यायचं? जो बाकावर टिकत नाही, जी तोंडातून शब्द काढत नाही, जो मधल्या सुट्टीत कुणाचं तरी डोकं फोडून येतो. गणितात कच्च्या मुलाला निदान 'सराव वाढवावा' असं काही मिळायचं. वागण्यात वेगळ्या असलेल्या मुलाचा निवाडा मात्र थेट घरावर. आणि शेऱ्याखाली पालकाची म्हणून जी सही यायची, ती बहुतेक वेळा आईची असायची.

चौथीतला एक मुलगा आठवतो. दहा मिनिटं एका जागी टेकत नसे. खिडकी, दार, पाण्याचा माठ, पुन्हा खिडकी. शेवटी आईला बोलावलं. ती शेतमजुरी करायची, त्या दिवसाचा खाडा करून आली होती. मी तिला उभ्या उभ्याच विचारलं, "घरी काही वळण लावता की नाही?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, याच्या पाठचा बी याच घरात हाय. याच ताटात जेवतो, माझ्याच हातचा मार खातो. मग तो कसा गरीब गाईवानी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर सवड मिळाली तेव्हा वाचताना लक्षात आलं, की तिने जो प्रश्न उंबऱ्यात उभं राहून विचारला, त्याभोवती एक अख्खं शास्त्र उभं आहे. एकाच घरात, एकाच आईबापांच्या हाताखाली वाढलेली भावंडं इतकी वेगळी का निघतात?

आपल्या भाषेने यावर दोन्ही बाजूंनी बोलून ठेवलंय. 'खाण तशी माती.' 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' ही एक बाजू. दुसरीकडे 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' या म्हणीतला वाण म्हणजे रंग. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र वाण म्हणजे बियाण्याची जात. दोन्ही अर्थ एकत्र धरले तर वाण म्हणजे जे जन्मतः मिळालं ते, आणि गुण म्हणजे शेजाराने लागलं ते. वाद जुनाच आहे, फक्त मोजणं नवं आहे.

मोजण्याचं मुख्य साधन म्हणजे जुळी मुलं. एकाच बीजांडाची दोन शकलं होऊन झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी. दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेली जुळी एकत्र जन्माला आली तरी जनुकांच्या हिशोबाने साधी भावंडंच. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकेका घरात वाढतात. पहिल्या प्रकारच्या जोड्या एखाद्या गुणात दुसऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त सारख्या निघाल्या, तर त्या गुणातल्या फरकांमागे जनुकं आहेत असं मानायला जागा होते. या पद्धतीवर आक्षेप आहेत (हुबेहूब दिसणाऱ्या मुलांना लोक वागवतातही सारखंच, हा त्यातला एक), पण दत्तक मुलांच्या अभ्यासांनीही चित्र साधारण तसंच दाखवलं.

टिंका पोल्डरमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मागच्या ५० वर्षांतल्या २,७४८ अभ्यासांची एकत्र बेरीज केली. १७,८०४ गुणधर्म, आणि एकच जोडी अनेक अभ्यासांत मोजली गेली असं धरून जुळ्यांच्या १ कोटी ४५ लाख जोड्या. सरासरी निघाली ती अशी, की माणसामाणसांतल्या फरकांपैकी ४९ टक्के फरक जनुकांशी निगडित. एकाच घरात वाढल्यामुळे येणाऱ्या सारखेपणाचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास. उरलेला मोठा भाग ना जनुकांच्या खात्यात जातो, ना घराच्या. आजारपण, मित्र, एखादी शिक्षिका, मोजमापातली चूक, निव्वळ योगायोग, सगळं त्यात. एरिक टर्कहायमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००० मध्येच हे तीन वाक्यांत मांडलं होतं: माणसाच्या वागण्यातल्या सगळ्याच गुणांत आनुवंशिकतेचा हात असतो; एका घरात वाढण्याचा परिणाम जनुकांपेक्षा कमी असतो; आणि बऱ्याचशा फरकांचा उलगडा या दोन्हींनी होत नाही.

त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या वाक्यात अर्धंमुर्धं आहे. पहिल्या वाक्यात उरलेलं थोडं. दोन सख्ख्या भावांना आईबापांच्या पत्त्यांतून वेगवेगळा डाव येतो. एकाच्या हाती राजा-राणी, दुसऱ्याच्या हाती दुर्री-तिर्री असं नव्हे. नुसता वेगळा डाव.

आता इथे एक ठेच लागते, आणि ती भल्याभल्यांना लागलेली आहे. ४९ टक्के म्हणजे तुमच्या मुलाचा निम्मा स्वभाव जनुकांतून आला आणि निम्मा घरातून, असा अर्थ होत नाही. हा आकडा एका मुलाबद्दल बोलतच नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये बियाणं आणि दोन वाफ्यांचं उदाहरण दिलं होतं, ते आपल्या मातीत पेरून बघू. गावरान ज्वारीच्या एकाच पोत्यातले दोन पसे घेतले. एक पसा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरला, दुसरा कुठल्यातरी मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्या ताटांना ओल सारखी, तेव्हा तिथे एक ताट उंच आणि एक बुटकं निघालं तर तो फरक दाण्यादाण्याचा. माळावरही तसंच. म्हणजे प्रत्येक तुकड्यात फरक शंभर टक्के वाणाचा. पण काळ्या रानातली ज्वारी डोक्याच्या वर आणि माळावरची गुडघ्याला, हा फरक? तो सगळा मातीचा.

माणसाच्या उंचीचंच घ्या. उंचीतले फरक सुमारे ८० टक्के आनुवंशिक मानले जातात, स्वभावापेक्षा कितीतरी जास्त. तरीही शंभर वर्षांत दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची २० सेंटिमीटरने वाढली. जनुकं शंभर वर्षांत बदलत नसतात. ताट बदललं.

म्हणून 'आनुवंशिक आहे' याचा अर्थ 'बदलणार नाही' असा काढणारा माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, ज्वारीच्या शेतकऱ्यापेक्षा अडाणी आहे.

*

माझा मुद्दा खरा म्हणजे या आकड्यांच्याही पलीकडचा आहे. आपण 'संस्कार' आणि 'रक्त' हे दोन शब्द कुणासाठी वापरतो ते बघा. आपल्या घरातलं मूल शहाणं निघालं तर ते संस्कार. आपलं मूल बिघडलं तर ते आईचं दुर्लक्ष. आणि परक्या वस्तीतलं मूल बिघडलं तर ते त्याच्या रक्तातच. शास्त्र कुठलंही असो, दोषी आधीच ठरलेले असतात.

घरातही या रक्ताची वाटणी कशी होते पाहा. मुलगा हुशार निघाला की 'बापावर गेलाय'. हट्टी, आळशी, नापास निघाला की 'मामावर गेलाय'. मराठी घरात मामाइतका बदनाम नातेवाईक दुसरा नसेल. बिचारा दूर कुठेतरी आपल्या गावी असतो आणि इकडे भाच्याच्या प्रत्येक खोडीत त्याचं नाव निघतं. गंमत अशी, की आइसलँडमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की बाळात आईबाप दोघांकडेही नसलेले जे नवे जनुकीय बदल उगवतात, ते बहुतांशी बापाकडून येतात, आणि गर्भधारणेच्या वेळी बापाचं वय जितकं जास्त तितके जास्त. दर वर्षामागे साधारण दोन. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. तरी पुढच्या वेळी मामाचं नाव निघालं तर हे सांगायला हरकत नाही.

आईवरच्या आरोपाचा इतिहास यापेक्षा काळा आहे. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केलं, आणि पुढच्या काही वर्षांत एक सिद्धान्त रूढ झाला, की ही मुलं अशी होतात कारण त्यांच्या आया थंड असतात, बाळाला माया देत नाहीत. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये हेच पुस्तकभर मांडलं आणि ते खूप वाचलं गेलं. एका पिढीतल्या आयांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, की तुमच्या मुलाची ही अवस्था तुम्ही केलीत. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या अवघ्या २१ जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. एवढासा अभ्यास, पण त्याने दिशा फिरवली. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचं पक्कं केलं. अतिचंचलतेचंही (एडीएचडी) तसंच, तिच्यातले सुमारे ७० ते ८० टक्के फरक जनुकांशी जोडलेले आहेत.

जनुकांचं नाव काढलं की पुरोगामी माणसं अस्वस्थ होतात, आणि त्याला कारण आहे, त्याकडे येतेच. पण स्वमग्न मुलाच्या आईला विचारा. तिच्यासाठी 'हे जनुकांमुळे आहे' हे वाक्य सुटकेचं होतं. आपल्याकडे ती सुटका अजून पोचलेली नाही. 'नोकरी करते ना, मग बोलायला कोण शिकवणार?', 'डोहाळे नीट पाळले नसतील', 'हातात मोबाइल दिला', हे अजूनही लग्नाच्या मांडवात तिला ऐकावं लागतं. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, आता आत्याबाई म्हणतात.

आणि गर्भसंस्कारांचे वर्ग! तिथे तर बाळ जन्माला यायच्या आधीच आईची परीक्षा सुरू होते. अमुक मंत्र, तमुक राग, सकाळी हे वाचायचं, रात्री ते ऐकायचं. गरोदर बाईने मनाजोगतं संगीत ऐकायला, निवांत बसायला कुणाची ना नाही, तेवढी उसंत तिला मिळत असेल तर उत्तमच. पण मूल बुद्धिमान व्हावं म्हणून फी भरून केलेल्या या पाठांतराला पुरावा नाही. दाखला नेहमी अभिमन्यूचा दिला जातो. तो दाखला देणाऱ्यांनी पुढची गोष्ट ऐकलेली दिसत नाही. पोटातल्या अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचं कळलं, बाहेर पडायचं राहिलं, कारण सुभद्रेला झोप लागली. सोळा वर्षांच्या पोराला सहा महारथ्यांनी घेरून मारलं, आणि त्यातही चूक कुणाची निघाली? दिवस गेलेल्या, दमलेल्या, झोपलेल्या बाईची.

याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बोटांचे ठसे घेऊन मुलाची 'जन्मजात बुद्धी' सांगणारे बसलेत. पाच हजार द्या, मूल इंजिनिअर होणार की गायक ते कळेल. ठसे आणि बुद्धी यांचा असा कुठलाही संबंध सिद्ध झालेला नाही. प्रत्यक्ष जनुकं वाचणाऱ्यांची गत बघितली तरी हे दावे किती पोकळ आहेत ते कळतं. २०२२ मध्ये तीस लाख माणसांची जनुकीय माहिती एकत्र करून कोण किती वर्षं शिकलं याचा माग काढला गेला. जनुकीय आराखड्यातल्या ३,९५२ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम जेमतेम. या जागाच नव्हे तर सगळी जनुकीय माहिती एकत्र धरली तरी फरकांपैकी १२ ते १६ टक्केच उलगडतात. आणि ही सगळी माणसं प्रामुख्याने युरोपीय वंशाची; तिथली आकडेमोड आपल्या मुलांना लावता येत नाही. हुशारीचं जनुक, रागाचं जनुक, चोरीचं जनुक असं काही नसतं.

*

चोरीच्या जनुकावरून रक्ताच्या गोष्टीकडे येते.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा होता, की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा पिढीजात गुन्हेगारही असणारच. त्यांच्या डोक्यातल्या 'पिढीजात'मध्ये जीवशास्त्र कमी होतं आणि आपल्याकडून शिकलेली जात जास्त होती. १९११ च्या सुधारणेनंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही जोरात लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा जमातींतलं मूल जन्मताच गुन्हेगार ठरायचं. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली, हजेरी लागायची, माणसं गिरण्यांत कामाला जुंपली जायची. शहरातल्या त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

या कायद्यातली एक विसंगती मला फार बोलकी वाटते. या जमातींची मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याची तरतूद त्यात होती. गुन्हा जर रक्तातच असेल तर मूल वेगळं काढून काय साधणार? आणि शेजाराने लागत असेल, तर जन्मताच शिक्का कशासाठी? कायदा करणाऱ्यांना याचं उत्तर द्यायची गरज पडली नाही. वाण म्हणा की गुण म्हणा, दोन्हींनी मूल त्यांच्याच ताब्यात येत होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण गावात चोरी झाली की पहिली जीप कुठल्या पालांकडे वळते ते गावातल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की कुणाचं दप्तर आधी उपडं होतं तेही. मी स्वतः ते दप्तर उपडं केलेलं आहे.

म्हणून जनुकांचं बोलणं ऐकून ज्यांना धास्ती वाटते त्यांची धास्ती मला खोटी वाटत नाही. पण तिच्यावर उपाय म्हणून जनुकांना काहीच महत्त्व नाही असं म्हणायला गेलं, की सगळं ओझं फिरून घरावर, म्हणजे आईवर. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

मला वाट दिसली ती आइसलँडच्याच आणखी एका अभ्यासात. २०१८ मधला. मूल आईबापांकडून प्रत्येकी निम्मी जनुकं घेतं, निम्मी मागे राहतात. संशोधकांनी ही मागे राहिलेली, मुलाला न मिळालेली जनुकं तपासली. आणि ती जनुकंही मुलाच्या शिक्षणावर परिणाम करताना दिसली, मिळालेल्या जनुकांच्या साधारण ३० टक्के ताकदीने! हे कसं? तर ती जनुकं आईबापांच्या अंगात होती, त्यांनी आईबाप घडवले, आईबापांनी घर घडवलं आणि घराने मूल. वाण नाही, पण गुण लागला. म्हण शब्दशः खरी ठरल्याचं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. पुढच्या अभ्यासकांनी सांगितलं, की या ३० टक्क्यांतला काही भाग सारख्याला सारखा जोडीदार मिळण्यासारख्या गोष्टींमुळे फुगलेला असणार. ते बरोबरच असेल. जिथे शतकानुशतकं जातीतच लग्नं होतात आणि जमीन, शाळा, पाणीही जातीच्याच हिशोबाने वाटलं गेलं, तिथे जनुक कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं हे वेगळं काढणं तर आणखी अवघड.

आता सगळ्यांत पक्क्या पुराव्याकडे. रोमानियात चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली आणि अनाथालयांत खितपत पडलेली हजारो मुलं जगाला दिसली. पाळण्यांच्या रांगा, बारा-पंधरा मुलांमागे एक बाई, रडलं तरी कुणी येत नाही म्हणून रडणंच सोडून दिलेली बाळं. २००० पासून अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्यांना पालक-कुटुंबांत पाठवलं. साडेचार वर्षांच्या वयात बुद्धिमापनात संस्थेत राहिलेल्यांची सरासरी ७३, कुटुंबात गेलेल्यांची ८१, आणि सुरुवातीपासून आपल्या घरी वाढलेल्या मुलांची १०९. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली, त्यांनी जास्त भरून काढलं. इथे घर म्हणजे काय आणि घर नसणं म्हणजे काय, ते लख्ख दिसतं.

जुळ्यांचे अभ्यास म्हणतात घराचा वाटा थोडा. बुखारेस्ट म्हणतं घर म्हणजे सर्वस्व. दोन्ही खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत बहुतेक घरं पोटभर जेवणारी, मुलाला उचलून घेणारी. त्या काळ्या रानात एक वाफा थोडा जास्त भुसभुशीत असला तरी पिकात फारसा फरक पडत नाही. माळावर पडतो. टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतली सात वर्षांची जुळी तपासली, तेव्हा सुखवस्तू घरांत बुद्धिमापनातले सुमारे ७२ टक्के फरक जनुकांनी उलगडले, गरीब घरांत जेमतेम १० टक्के. गरीब घरातल्या पोराच्या अंगात काय होतं ते वर यायला वावच मिळाला नाही. आणि पुढे २०१६ मध्ये असे अभ्यास एकत्र केले तेव्हा हा फरक अमेरिकेत टिकला, पश्चिम युरोपात आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. तिथे गरिबाच्या मुलालाही दवाखाना, शाळा, दूध बऱ्यापैकी सारखं मिळतं, हे त्याचं एक कारण अभ्यासक सुचवतात. मला ते पटतं.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरात मूल पोटभर जेवतं, झोपतं, कुणाच्या तरी कुशीत शिरू शकतं, त्या घरातल्या आईला शेरे देणं बंद करा. तिने अबॅकसच्या क्लासला घातलं की नाही, इंग्रजी माध्यम की मराठी, पाचला उठवलं की सातला, याने मुलाचा पिंड बदलत नाही. आणि ज्या घरात हे नाही, तिथे शेऱ्याने काय होणार आहे? तिथे सरकारची तिजोरी लागते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. दर तीन मुलांमागे एक. माळरान म्हणतात ते हेच. या मुलांच्या वाढीसाठी आपल्याकडे रोज हात लावणारी यंत्रणा एकच, अंगणवाडी. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा त्यांचं मानधन महिन्याला १० हजारांच्या आसपास होतं. पगार नव्हे, मानधन. संप ५० दिवसांच्या आसपास चालला. ज्यांना शहरातल्या प्ले-स्कूलचे फलक पाठ आहेत अशा किती घरांत त्याची चर्चा झाली? २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली, चांगलं झालं. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आईसारख्या शेतमजुरणीला रजा कसली? पहिल्या बाळंतपणाला केंद्राच्या योजनेतून ५,००० रुपये, तेही कागद जुळले तर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे कित्येक दशकांपूर्वी कळलं होतं. कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं शाळेत येईनात, कारण गुरं कोण राखणार? त्यांनी आईबापांना शिक्षणाचं महत्त्व पटवत बसण्यापेक्षा शाळाच गुरांमागे नेली. कुरणशाळा. मूल तेच, त्याचे आईबाप तेच, गुरंही तीच. मूल जिथे होतं तिथे पाटी गेली.

*

यावर हमखास येणारा प्रश्न: मग आईबापांनी काहीच करायचं नाही? वाट्टेल तसं वागायचं?

तसं नाही, आणि त्याला पुरावा जुळ्यांचाच आहे. २०१८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात एकबीज जुळ्यांच्या २२७ जोड्या घेतल्या. जनुकं एक, घर एक. तरी आईबाप दोघांशी अगदी सारखं वागत नाहीत. ज्याच्या वाट्याला जास्त कठोरपणा आणि कमी माया आली, तो आपल्या जुळ्या भावंडापेक्षा जास्त आक्रमक निघाला. इथे जनुकांना दोष देताच येत नाही. पण दुसरीकडे दत्तक मुलांच्या अभ्यासांत असंही दिसलंय, की तापट पिंडाचं मूल दत्तक घेणाऱ्या शांत आईबापांनाही कठोर करून सोडतं. मार खाऊन मूल बिघडतं आणि बिघडलेलं मूल जास्त मार खातं. चाक कुठून फिरायला लागलं ते बाहेरच्याला दिसत नाही. माझ्या वर्गात मला दिसलं नव्हतं. छडी तेव्हा सर्रास होती. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतला मार बंद केला, आणि मी प्रामाणिकपणे सांगते, आम्ही बरेच जण तेव्हा कुरकुरलो होतो.

मुलाशी नीट वागायचं ते त्याचा पुढे डॉक्टर होईल म्हणून कशाला? आपण नवऱ्याशी, शेजारणीशी नीट वागतो ते त्यांना घडवायला थोडंच. मूल आज घरात आहे, आज त्याला चांगलं वाटावं, एवढं कारण पुरेसं का वाटत नाही आपल्याला?

मागच्या पावसाळ्यात इन्व्हर्टरचं वायरिंग करायला एक वायरमन आला. शिडीवरूनच म्हणाला, "बाई, वळखलं का?" तोच. खिडकी, दार, माठवाला. खांबावर चढायचं काम, दिवसभर या गावातून त्या गावात. त्याला मानवलेलं दिसलं. चहा पिताना सांगत होता, त्याचा पोरगा दुसरीत आहे, बाकावर बसत नाही म्हणून शाळेतून बोलावणं आलं होतं. "बायको निघाली होती. म्हटलं, थांब, मी जातो. मॅडमना सांगितलं, हा माझ्यावर गेलाय." मुलाच्या खोडीला 'माझ्यावर गेलाय' म्हणणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला.

मी विचारलं, तुला तेव्हा शाळेत कशाने बरं वाटायचं? वाटलं, माझ्या एखाद्या धड्याचं नाव घेईल.

"शिपाईमामा तास संपला की घंटा वाजवायला मला न्यायचे," तो म्हणाला. "दर तासाला उठायला मिळायचं. त्याच्यासाठीच यायचो."

त्यावरून मी शिपाईमामांशी भांडले होते, ते मला तेव्हा आठवलं.